जुन्या मारुती ८००ची बॅटरी आणि दिवे तपासायला कोणतं हत्यार घ्यावं: टेस्ट लॅम्प, डीटी-८३०डी आणि यूटी२१०ई

किल्ली फिरवली की नुसता ‘टक्’ आवाज, हेडलाइट पिवळट, आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. जुन्या गाडीला ही दुखणी लागली की सल्ल्यांचा क्रम ठरलेला असतो: आधी नवी बॅटरी, मग डायनामो (अल्टरनेटरला आपल्याकडे अजून डायनामोच म्हणतात), मग सगळं वायरिंग. यातला बराच खर्च दहा मिनिटांच्या मोजणीने वाचतो. त्या मोजणीसाठी बाजारात मिळणाऱ्या तीन वस्तूंचं हे परीक्षण आहे. नजरेसमोर कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० धरली आहे. ही गाडी १९८३ ते २०१४ एवढ्या काळात बनली, त्यामुळे ती अजून गल्लोगल्ली दिसते, आणि तिचं वायरिंग इतकं सरळ आहे की घरच्या घरी दोष शोधता येतो.

निकाल आधीच सांगतो. टेस्ट लॅम्प आणि साधा पिवळा मल्टिमीटर (डीटी-८३०डी) ही जोडी प्रत्येक जुन्या गाडीत असायलाच हवी. क्लॅम्प मीटर (यूटी२१०ई, वायरभोवती जबडा धरून करंट मोजणारा) महाग आहे आणि तो एकाच कामात, रात्रभरात बॅटरी का उतरते हे शोधण्यात, पैसे वसूल करतो, पण ते काम दुसऱ्या कशाने इतकं सोपं होत नाही.

टेस्ट लॅम्प

टोकदार सुई, आत १२ व्होल्टचा बल्ब, मागे वायर आणि क्रोकोडाइल क्लिप. स्पेअर पार्टच्या कोणत्याही दुकानात मिळतो. घेताना एकच गोष्ट बघायची: आत खरा फिलामेंटचा बल्ब आहे की एलईडी. दिव्यांचे दोष शोधायला फिलामेंटचाच हवा. कारण असं की एलईडी आणि डिजिटल मीटर दोघांनाही पेटायला किंवा आकडा दाखवायला करंट जवळजवळ लागतच नाही. आतून सडलेल्या, एकाच तारेवर तग धरून असलेल्या वायरवरही मीटर १२.५ दाखवतो आणि माणूस ‘करंट येतोय’ म्हणून पुढे जातो. ५ वॅटचा बल्ब मात्र ०.४ अँपिअर मागतो. वायर सडलेली असेल तर तो मिणमिणतो किंवा पेटतच नाही. होल्डरला दोन वायर जोडून २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब बसवला तर मागणी पावणेदोन अँपिअरपर्यंत जाते आणि लपलेला दोष आणखी स्पष्ट दिसतो.

याच २१ वॅटच्या बल्बचं दुसरं काम फार मोलाचं आहे. एखादा फ्यूज लावला की उडतो, पुन्हा लावला की पुन्हा उडतो. तेव्हा फ्यूज जाळत बसू नका. उडालेल्या फ्यूजच्या दोन्ही टोकांच्या जागी हा बल्ब जोडा आणि त्या सर्किटचे दिवे, हॉर्न, जे काही असेल ते काढून ठेवा. डेड शॉर्ट (वायर थेट बॉडीला चिकटलेली) असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही, म्हणजे वायर जळायची भीती नाही. मग वायरचा जुडगा एकेका ठिकाणी हलवत जायचं. बल्ब विझला किंवा लुकलुकला ती जागा शॉर्टची. पहिला संशय दरवाजाच्या बिजागरीपाशी, डिकीच्या दारात वायर जात असेल तर तिथल्या वाकणाशी, आणि पत्र्यातून वायर आरपार जाते तिथे रबरी ग्रोमेट गळून पडलं असेल तर त्या भोकाशी.

सुई वायरच्या कातडीत खुपसायची सवय मात्र सोडा. ते भोक पावसाळ्यात पाणी ओढतं आणि वर्ष-दोन वर्षांत तांबं आतून हिरवं पडतं. कोकणात आणि गोव्यात खारी हवा हे काम आणखी लवकर करते. कनेक्टरच्या मागच्या बाजूने पातळ टाचणी सरकवून तिच्यावर सुई टेकवा. इंजेक्शनवाल्या, म्हणजे एमपीएफआय गाडीत ईसीएमच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) वायरींना बल्बचा टेस्टर लावायचाच नाही. तो ओढत असलेला करंट आतल्या सर्किटला झेपेलच असं नाही.

डीटी-८३०डी: पिवळा मल्टिमीटर

लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा तालुक्याच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानात दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळणारा हा मीटर. याच नावाने अनेक कारखाने तो बनवतात, म्हणून दर्जा डब्यागणिक बदलतो. काउंटरवरच तीन गोष्टी तपासा. नवा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल मोजा, १.५५ ते १.६५च्या दरम्यान आकडा यायला हवा. २०० ओहमच्या रेंजला दोन्ही टोकं एकमेकांना घट्ट लावून वायर मुळापाशी वाकवून बघा. आकडा उड्या मारत असेल तर वायर आतून तुटकी आहे. आणि कंटिन्युइटीचा बझर वाजतो का ते बघा, काही मॉडेलांत तो नसतोच.

त्याची एक खोड माहीत असायलाच हवी. आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की हा मीटर खरं असेल त्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. गाडीच्या बॅटरीवर १३.४ दिसतात, माणूस खूश होतो, आणि प्रत्यक्षात तिथे १२.३ असतात. विचित्र आकडा आला की आधी मीटरची बॅटरी बदला, मग गाडीकडे वळा.

आता मोजणी. डायल डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी चालवून नुकतीच थांबवली असेल तर बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो. दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, पाच मिनिटं थांबा. मग १२.६ किंवा वर म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. १०.५च्या आसपास अडून बसली असेल आणि रात्रभर चार्जिंगनेही हलत नसेल तर सहापैकी एक घर (सेल) मेलं आहे. प्रत्येक घराचे २.१ व्होल्ट असतात, तेवढेच कमी दिसतात. पाणी घालायची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणारी नळी) याची खात्री होते: एका घराची ग्रॅव्हिटी, म्हणजे ही घनता, बाकीच्यांपेक्षा ०.०५०ने खाली असेल तर ती बॅटरी संपली.

पण नुसत्या बसल्या आकड्यावर बॅटरीला चांगली-वाईट म्हणू नका. खरी परीक्षा सेल्फ (स्टार्टर मोटर) मारताना. इग्निशन कॉइलची बारीक वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटर थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर धरा, क्लॅम्पवर नको. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. इथे आकडा आणि कानावर येणारा आवाज एकत्र वाचायचा असतो. आकडा साडेनऊच्या खाली आला आणि सेल्फ रडतोय, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ स्वतःच जास्त करंट खातोय (आतले बुश झिजले की आर्मेचर घासतं). पण आकडा ११.५वर ठाम उभा आहे आणि सेल्फ तरीही रडतोय, तर बॅटरी निर्दोष आहे. तिच्याकडे ताकद आहे, ती सेल्फपर्यंत पोचत नाही. चांगल्या बॅटऱ्या सगळ्यात जास्त बळी जातात त्या याच ठिकाणी.

ताकद कुठे अडते हेही हाच मीटर सांगतो. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. एक व्होल्ट दिसला तर इंजिनची अर्थ वायर गेली. तसंच लाल टोक पॉझिटिव्ह खुंटावर, काळं सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टवर: अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. मग एकेक टप्पा तोडत जायचं: खुंट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते वायर, वायर ते लग (वायरच्या टोकाची धातूची कडी). खुंट आणि क्लॅम्पच्या मध्येच अर्धा व्होल्ट सापडला तर खर्च शून्य. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून पांढरा बुरा धुवायचा (बॅटरीचं झाकण घट्ट ठेवून, सोडा आत गेला तर ॲसिड मरतं), खरवडून चमकवायचं, आवळायचं आणि वरून पेट्रोलियम जेली.

इंजिनची अर्थ वायर तुटली तरी गाडी कधी कधी सुरू होते, आणि ते जास्त घातक. करंट बॉडीतून परतायला दुसरी वाट शोधतो. ८००मध्ये क्लच आणि ॲक्सिलरेटर दोन्ही केबलचे आहेत. मग सेल्फचा करंट त्या केबलच्या तारेतून जातो, केबल तापते, आतलं प्लास्टिक वितळतं. क्लच केबल वारंवार जड होत असेल, तुटत असेल, तर केबल बदलण्याआधी ही मोजणी करा.

इंजिन सुरू असताना, हेडलाइट लावून, थोडा ॲक्सिलरेटर दाबून बॅटरीवर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. १३च्या खाली राहिले तर अल्टरनेटरच्या मागच्या मोठ्या बोल्टवर मोजा. तिथे १४.३ आणि बॅटरीवर १३.१ असेल तर अल्टरनेटर उघडायची गरज नाही, मधली वायर किंवा फ्यूजिबल लिंक (फ्यूजसारखा वितळणारा वायरचा तुकडा) व्होल्टेज खाते आहे. १५च्या वर गेले तर रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) गेला. बॅटरीचं पाणी पटापट संपणं आणि बल्ब सारखे उडणं ही त्याचीच खूण. डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा किल्ली ‘ऑन’ केल्यावर पेटतो का हेही बघा. अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या दिव्यातून मिळतो, तो बल्ब उडाला असेल तर ठीकठाक अल्टरनेटरही कमी फेऱ्यांवर चार्ज करत नाही. आणि इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून बघायची जुनी पद्धत कृपा करून विसरा. ती खऱ्या डायनामोच्या काळातली आहे. अल्टरनेटरवर तसं केलं की व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, एमपीएफआय गाडीत ईसीएमसुद्धा जातो.

या मीटरला न जमणारं एक काम म्हणजे अल्टरनेटरच्या फुटक्या डायोडमुळे येणारा एसीचा अंश मोजणं. याच्या एसीच्या रेंजा २०० व्होल्टपासून सुरू होतात, आणि त्या रेंजला गाडीची डीसी लावली की टोकं कशी धरली त्यावर कधी ३०च्या आसपास आकडा येतो, कधी शून्य. दोन्ही खोटे.

आणि एक धोका. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि कोणी व्होल्टेज मोजायला बॅटरीवर टोकं टेकवली, तर तो सरळ डेड शॉर्ट. बहुतेक पिवळ्या मीटरांत त्या भोकाला फ्यूज नसतो, तसं शेजारी छापलेलंही असतं. वायर वितळते, बोटं भाजतात. करंट मोजून झाल्याक्षणी लाल वायर मधल्या भोकात परत आणा. डब्यावर काहीही छापलेलं असो, घरच्या २३० व्होल्टला हा मीटर लावू नका. १२ व्होल्टच्या गाडीपुरता तो उत्तम आहे.

हेडलाइट मंद का?

हा प्रश्न इतका नेहमीचा आहे की त्यासाठी थांबायला हवं. एच४ बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे एक बल्ब साधारण पाच अँपिअर ओढतो, दोन मिळून दहा. ८००मध्ये तो भार लांबच्या वायरिंगमधून आणि स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमधून जातो. वीस वर्षं झिजलेले कॉन्टॅक्ट, सैल पडलेले कनेक्टर, सगळीकडे थोडं थोडं हरवत जातं. फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, कितीतरी वेगाने कमी होतो: १३.८पैकी १.४ व्होल्ट वाटेत गेले, म्हणजे दहा टक्के, तर प्रकाश सुमारे सत्तर टक्क्यांवर येतो.

मोजायचं असं. बल्ब लावलेला, पेटलेला असू दे. सॉकेट काढून रिकाम्या पिनांवर मोजलं तर टेस्ट लॅम्पच्या भागात सांगितलेली फसगत होते. कनेक्टरच्या मागून टाचणी घाला. बॅटरीचा पॉझिटिव्ह ते बल्बची फीड पिन किती, आणि बल्बची अर्थ पिन ते बॅटरीचा निगेटिव्ह किती, हे दोन आकडे घ्या. फीडकडे अर्ध्या व्होल्टपर्यंत, अर्थकडे ०.१पर्यंत चालतं. हे दोन आणि बल्बवरचं व्होल्टेज यांची बेरीज बॅटरीच्या व्होल्टेजएवढी यायला हवी. नाही आली तर कुठेतरी टोक नीट टेकलेलं नाही.

इथे एक गोष्ट अनेक वायरमननाही चकवते. सुझुकी घराण्यातल्या काही जुन्या गाड्यांत हेडलाइटला पॉझिटिव्ह थेट फ्यूजमधून येतो आणि स्विच-डिपर अर्थच्या बाजूला असतात. अशा गाडीत सगळा तोटा अर्थकडे दिसतो. माणूस बॉडीचे अर्थ पॉइंट घासत बसतो, दोष मात्र कॉम्बिनेशन स्विचमध्ये असतो. तुमची गाडी कशी आहे हे टेस्ट लॅम्प एका मिनिटात सांगतो: क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, बल्ब काढा, हेडलाइट बंद ठेवून सॉकेटच्या तिन्ही पिनांना सुई लावा. दिवे बंद असतानाही एका पिनवर टेस्टर पेटला तर स्विच अर्थच्या बाजूला आहे. तयार मिळणारी रिले हार्नेस (रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, हार्नेस म्हणजे त्याचा वायरिंगचा जुडगा) घेण्याआधी हे बघणं सक्तीचं समजा, कारण ती बहुधा पॉझिटिव्हकडे स्विच असलेल्या गाडीसाठी बनवलेली असते. उलट्या गाडीत ती बसवली की रिले ओढत नाहीत किंवा अप्पर-डिपरचा घोळ होतो.

हार्नेस स्वतः बनवायची तर अप्परला एक आणि डिपरला एक असे दोन रिले. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीकडून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, ८७वरून तशीच वायर बल्बला, ८५-८६मध्ये जुन्या सॉकेटची जोडी. रिलेची कॉइल जेमतेम ०.१५ अँपिअर ओढते, त्यामुळे जुन्या स्विचवरचा भार जवळजवळ संपतो. हे न करता १००/९० वॅटचे बल्ब लावले तर दोन मिळून सोळा-सतरा अँपिअर होतात आणि आधी होल्डर, मग स्विच वितळतो.

मागच्या दिव्यांचं गणित सोपं आहे. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो किंवा पार्किंग विझतं, याचा अर्थ त्या बाजूच्या टेल लॅम्पची अर्थ गेली. करंट शेजारच्या फिलामेंटमधून परतीची वाट काढतो. टेल लॅम्पच्या अर्थ पिनवरून बॉडीला एक तात्पुरती वायर टेकवा. खोड गेली तर तिथला स्क्रू काढून पत्रा चकाकेपर्यंत घासा.

यूटी२१०ई: डीसी क्लॅम्प

युनी-टीचा हा छोटा क्लॅम्प मीटर काही हजारांचा आहे. घेताना पहिली सावधगिरी: बाजारातले स्वस्त क्लॅम्प मीटर, उदाहरणार्थ डीटी-२६६, जबड्याने फक्त एसी करंट मोजतात. गाडीत त्यांचा तो जबडा निरुपयोगी. यूटी२१०ई डीसी मोजतो, त्याला २ अँपिअरची रेंज आहे आणि त्या रेंजला तो १ मिलिअँपिअरपर्यंत आकडा दाखवतो.

रात्रभरात बॅटरी उतरते, तेव्हा याची किंमत कळते. दरवाजे बंद, किल्ली काढलेली. जबडा बॅटरीच्या निगेटिव्ह वायरजवळ, पण वायर बाहेर ठेवून, ज्या कोनात पुढे धरणार त्याच कोनात धरा आणि झीरोचं बटण दाबा. मग वायर आत घ्या. बॅटरी न सुटता, फ्यूज न काढता आकडा हाती. आतला सेन्सर चुंबकीय आहे, हात फिरला की आकडा थोडा सरकतो. म्हणून पाच-दहा मिलिअँपिअरचा फरक खरा धरू नका, दोनदा झीरो करून दोनदा मोजा.

कार्ब्युरेटरच्या ८००मध्ये स्टिरिओची मेमरी सोडली तर रात्री काहीच चालू नसतं. २०-३० मिलिअँपिअरच्या आत असायला हवं. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीची साधारण पंधरवड्यात अर्धी होते. ४०० दिसले तर पाच वॅटचा एखादा दिवा कुठेतरी पेटून आहे, दिवसाला जवळपास दहा अँपिअर-अवर. मग एकेक फ्यूज काढत बघायचं. एकही फ्यूज काढून फरक पडला नाही तर अल्टरनेटरची मोठी वायर सोडा (आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून, वायरचं टोक टेपने गुंडाळून, मग निगेटिव्ह परत लावून). आकडा पडला तर आतला डायोड गळतो आहे.

क्लॅम्प नसेल तर पिवळ्या मीटरनेही वाट निघते. पात्याच्या १० अँपिअर फ्यूजचा रोध साधारण साडेसात मिलिओहम असतो. २०० मिलिव्होल्टच्या रेंजला फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर टोकं धरा. १ मिलिव्होल्ट म्हणजे जवळपास १३० मिलिअँपिअर. ज्या फ्यूजवर आकडा, त्या सर्किटात गळती. प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांतल्या टॉर्पेडो फ्यूजना (दोन चिमट्यांत बसणारे, टोकदार जुने फ्यूज) हे जमत नाही, कारण त्यांच्या टोकांशी चिमट्याचा गंजच जास्त मोजला जातो. तिथे फ्यूज एकेक काढून, चिमटे घासूनच शोधावं लागतं.

यूटी२१०ईची मर्यादा १०० अँपिअरची आहे. सेल्फचा करंट त्यापलीकडे सहज जातो, त्यामुळे सेल्फ किती ओढतो हे मोजायला तो घेऊ नका. रात्री उतरणारी बॅटरी हा तुमचा प्रश्न नसेल तर हा खर्च सध्या थांबवा, आणि त्या पैशातून आधी इंजिनची नवी अर्थ वायर, दोन रिले आणि चांगल्या कनेक्टरचा एक डबा आणा.